बर्बन गोड लागली, तर चुकलं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, राहायला पुण्यात. आधी देशी बनावटीच्या व्हिस्की आणि नंतर स्कॉच असा वीस वर्षांचा प्रवास. दिवाळीला शिकागोहून आलेल्या मावसभावाने मेकर्स मार्क या अमेरिकी बर्बन व्हिस्कीची बाटली आणली आणि ती मनापासून आवडली. मित्र म्हणाले, ही गोड, कोकमध्ये घालायची. जाणकार माणूस सिंगल माल्टच (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) पितो, तीही अठरा वर्षांच्या वरची. मग तुम्ही बुलेट नावाची दुसरी बर्बन घेतली, तर ती तिखट लागली. आता कळेनासं झालंय की आपल्याला बर्बन आवडते की नाही, आणि आपली आवड ओळखायची कशी. शिवाय वडिलांच्या पंचाहत्तरीला कोणती बाटली घ्यावी, हेही विचारलंय. त्यांनी आयुष्यभर रमच घेतली आहे.

मी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकलो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सहा वर्षं काढली आणि गेली बावीस वर्षं अमेरिकेच्या केंटकी राज्यात, बार्ड्सटाउनच्या जवळ, एका डिस्टिलरीच्या चव तपासणाऱ्या गटात आहे. रोज सकाळी दहाच्या सुमारास नाक ताजं असताना नमुने हुंगायचे, काय सापडलं ते लिहायचं आणि कुठलं पिंप कशासाठी वापरायचं ते ठरवायचं, हे माझं काम. म्हणून उत्तर लांब होणार आहे.

पहिली गोष्ट. मेकर्स मार्क आवडली आणि बुलेट तिखट लागली, म्हणजे तुमच्या जिभेने अगदी अचूक काम केलं. या दोन बाटल्यांत जो मुख्य फरक आहे, तोच तुम्ही पकडलात. फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के असावा लागतो, हा अमेरिकेचा कायदा. प्रत्यक्षात तो बहुधा ६० ते ८० टक्के असतो. थोडं मोड आणलेलं बार्ली असतं, कारण त्यातल्या एन्झाइममुळे पिठातल्या स्टार्चची साखर होते आणि यीस्टला खायला मिळतं. उरलेली जागा ज्या धान्याला मिळते, ते धान्य व्हिस्कीचा स्वभाव ठरवतं. मेकर्स मार्कमध्ये ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के बार्ली. बुलेटमध्ये ६८ टक्के मका, २८ टक्के राय आणि ४ टक्के बार्ली. मका जवळपास सारखाच, पण एकीत गहू आणि दुसरीत राय. गहू स्वतः फारसा बोलत नाही. तो मक्याला आणि लाकडाला पुढे येऊ देतो, म्हणून तोंडात मऊ, गोलसर लागतं. राय बोलते, आणि मोठ्याने बोलते: मिरी, बडीशेप, पुदिना, कधी आल्यासारखा चटका.

इथे एक खुलासा करतो, कारण गावाकडे गेलो की हा प्रश्न हमखास येतो. राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे. ते गव्हाच्या जवळचं, थंड प्रदेशातलं तृणधान्य आहे आणि आपल्याकडे ते जवळजवळ पिकतच नाही. तिखटपणामुळे मोहरीची शंका येते, पण संबंध काही नाही.

इंडियाना राज्यात लॉरेन्सबर्गला एक मोठी जुनी डिस्टिलरी आहे. तिथे ९५ टक्के राय आणि ५ टक्के बार्लीची व्हिस्की बनते आणि ती अनेक वेगवेगळ्या नावांनी बाजारात येते. तिला चक्क शेपूचा वास येतो. अमेरिकी सहकारी त्याला लोणच्यातल्या काकडीचा वास म्हणतात, मला आईच्या हातची मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी आठवते. लहानपणी शेपू नको म्हणणारी आणि शेपूवर जीव टाकणारी अशी दोन्ही प्रकारची माणसं एकाच ताटावर बसलेली तुम्ही पाहिली असतील. व्हिस्कीतही तसंच असतं. शेपू न आवडणाऱ्याला कुणी कच्चा खवय्या म्हणत नाही.

आता ‘गोड’ या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या मित्रांचा सगळा आक्षेप त्यावर उभा आहे. ‘स्ट्रेट’ (म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेल्या) बर्बनमध्ये साखर घालता येत नाही, रंग घालता येत नाही, कसलाही अर्क घालता येत नाही. तीव्रता कमी करायला पाणी, बस्स. आणि डिस्टिलेशनमध्ये साखर वर येतच नाही, ती मागे राहते. म्हणजे जो गोडवा तुम्हाला लागला तो जवळजवळ सगळा वासाचा आहे, आणि तो लाकडातून येतो. उलट स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे. स्कॉचला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. ‘गोड म्हणजे भेसळ’ किंवा ‘गोड म्हणजे कच्चं’ हा समज बर्बनला लागू पडत नाही, एवढंच सांगायचं आहे.

बर्बन नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते आणि ते पिंप आतून जाळलेलं असावं लागतं. साधारण २०० लिटरचं हे पिंप. ज्वाला आत सोडतात, काही सेकंदांत आतला पृष्ठभाग कोळसा होतो. वाइल्ड टर्की ही बर्बन वापरते तो सगळ्यात खोल जाळलेला प्रकार. त्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात म्हणून नावही तेच, ॲलिगेटर चार. कोळशाचा थर गंधकाचे नकोसे वास शोषतो. पण खरी मौज कोळशाच्या मागे, जळता जळता राहिलेल्या तांबूस थरात असते. लाकडातलं लिग्निन तुटतं आणि व्हॅनिलिन तयार होतं. हेमिसेल्युलोज तुटतं आणि साखरेच्या पाकासारखे, करपू लागलेल्या चिक्कीसारखे वास तयार होतात. युजेनॉल नावाचा पदार्थ निघतो. आपल्या लवंगेच्या तेलात मुख्यतः तोच असतो, त्यामुळे ‘लवंग लागते’ असं कुणी म्हणालं तर ती केवळ उपमा नसते. आणि अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन भरपूर असतात, त्यांचा वास ओल्या नारळाचा. व्हॅनिला, काकवी, लवंग, नारळ. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला हे आवडलं तर त्यात नवल ते काय!

मी इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यातच एका नमुन्यासमोर अडलो होतो. इतर जण मेपल सिरप, टॉफी असं काही लिहीत होते. मला त्यातलं काहीच ओळखीचं नव्हतं. मी कागदावर मराठीत लिहिलं, ‘गुऱ्हाळावरची काकवी, कढई उतरायच्या जरा आधीची.’ गटप्रमुखाने अर्थ विचारला, मी समजावून सांगितला, आणि तो शब्द त्यांनी आमच्या यादीत घेतला. अजून तो तिथे आहे. चवीची टिपणं करायची तर स्वतःच्या भाषेत करा. ज्या फळाची चव तुम्ही कधी घेतली नाही त्याचं नाव लिहून तुमच्या हाती काही लागणार नाही.

आता वयाबद्दल, कारण ‘अठरा वर्षांच्या वरची’ हा सल्ला बर्बनच्या बाबतीत सरळ चुकीचा आहे आणि त्यामुळे लोकांचे फार पैसे जातात.

स्कॉच बहुतेक वेळा जुन्या पिंपात मुरते. त्यात बर्बनची वापरून झालेली पिंपंच मोठ्या संख्येने असतात, कारण आम्हाला बर्बनसाठी ती पुन्हा वापरता येत नाहीत. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लाफ्रॉइग डिस्टिलरी मेकर्स मार्कची जुनी पिंपं वापरते, म्हणजे तुमच्या आवडत्या बाटलीचं लाकूड तिकडे दुसरा जन्म घेतं. चहाची पुडी दुसऱ्यांदा उकळल्यासारखं ते लाकूड सावकाश आणि कमी देतं. हवाही थंड. म्हणून अठरा वर्षं तिथे शोभतात. केंटकीत पिंप नवं, उन्हाळ्यात पारा कधी ३५ अंशांपर्यंत, हिवाळ्यात शून्याखाली. उष्णतेत दारू लाकडात खोल शिरते, थंडीत परत बाहेर येते. दरवर्षी साधारण ४ टक्के उडून जाते. इथे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. चार टक्क्यांनी वीस वर्षं मोजा, पिंपात निम्म्याहून कमी उरतं. आणि जे उरतं त्यात लाकडाचा तुरटपणा इतका साठलेला असतो की मका कुठे आणि राय कुठे, काही पत्ता लागत नाही. सुपारी चघळत राहिल्यावर तोंड जसं आवळतं, तसं होतं.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. पन्नासाव्या वाढदिवसाला वीस वर्षं मुरलेली एक बर्बन घेतली. किंमत इथे लिहायला संकोच वाटतो. पत्नीला सांगितलं, दोन ग्लास भर, एकात ही आणि दुसऱ्यात रोजची सहा वर्षांची, कुठली कुठली ते सांगू नकोस. मी हुंगलं, प्यायलं, थोडं पाणी घातलं, परत प्यायलं आणि पूर्ण खात्रीने रोजच्या ग्लासकडे बोट दाखवलं. महागड्या ग्लासमध्ये जुन्या कपाटाचा, कोरड्या सागवानाचा वास होता आणि शेवट कडू. वाईट नव्हती. कुणाला ती नक्की आवडेल. आमच्याच गटातल्या एका बाईंना जुनं लाकूड प्रिय आहे आणि त्यांचं नाक माझ्यापेक्षा तयार आहे. पण ती माझी नव्हती. माझ्या जिभेला बर्बन सहा ते नऊ वर्षांत सगळ्यात जास्त देते.

वयाचा आकडाही पुरेसा नसतो. पिंप कुठे ठेवलं होतं, यावर बरंच अवलंबून. आमच्या गोदामांना रिकहाउस म्हणतात, सहा-सात मजल्यांची उंच लाकडी मांडणी. वरच्या मजल्यावर भट्टी, खालच्या मजल्यावर ओलसर गारवा. वर पाणी लवकर उडतं, म्हणून दारूचं प्रमाण वर्षागणिक वाढतं. स्कॉटलंडच्या दमट हवेत उलट होतं, तिथे ते घटतं. एकाच दिवशी, एकाच टाकीतून भरलेली दोन पिंपं सहा वर्षांनी दोन निरनिराळ्या व्हिस्की असतात. मेकर्स मार्कमध्ये पिंपं वरखाली फिरवतात. फोर रोझेसने एकमजली गोदामं बांधली, म्हणजे फरक कमी पडावा. आणि १९८४ साली केंटकीतले डिस्टिलर एल्मर टी. ली यांनी ब्लँटन्स ही बर्बन काढली ती याच फरकाला दाद म्हणून: निवडलेल्या एकेका पिंपाची बाटली, मिसळ नाही. तुम्हाला एकदा आवडलेली सिंगल बॅरल पुढच्या वेळी तशीच लागली नाही तर दोष जिभेचा नाही.

हाच उष्णतेचा हिशेब आपल्याकडे आणखी वेगाने चालतो. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीत वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास उडून जातं, गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनचंही साधारण तसंच. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केलेल्या अमृतने २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन ठेवला, तेव्हा पाच वर्षांच्या आतली व्हिस्की इतकी भरलेली कशी, असं लोकांना वाटलं होतं. उत्तर हवेत होतं. भारतीय सिंगल माल्टच्या बाटलीवर वय छापलेलं नसेल तर नाक मुरडू नका.

आता प्रमाण, म्हणजे तीव्रता. इथे भारतीय वाचकाचा एक हमखास घोटाळा होतो. आपल्या बाटलीवर ७५ अंश प्रूफ लिहिलेलं असतं आणि शेजारी ४२.८ टक्के. ती जुनी ब्रिटिश मोजणी. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्केवारीच्या सरळ दुप्पट: ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के, १०० प्रूफ म्हणजे ५०. त्यामुळे कुणी वाइल्ड टर्की १०१ दिली तर ती आपल्या ७५ च्या थोडी वर असेल असं समजू नका. ती ५०.५ टक्के आहे. तुमच्या रोजच्या पेगइतकी ओतली तर दारू साधारण एक षष्ठांश जास्त गेली, हे लक्षात ठेवून ओता.

बर्बनच्या लेबलवर तुम्हाला ‘बॉटल्ड इन बाँड’ असे शब्द दिसले तर थांबा. १८९७ चा कायदा आहे हा. त्या काळी व्यापारी साध्या स्पिरिटमध्ये आलुबुखाऱ्याचा रस, तंबाखू असलं काहीही घालून ते व्हिस्की म्हणून विकत. म्हणून सरकारने शिक्का आणला: एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली आणि नेमकी ५० टक्क्यांवर भरलेली. आजही यातल्या बऱ्याच बाटल्या इथे अगदी वाजवी भावात मिळतात. मावसभाव पुढच्या वेळी येईल तेव्हा काही महागडं मागू नका, ही मागा. याच शिक्क्याची, हेवन हिल डिस्टिलरीची रिटनहाउस राय माझ्या घरी कायम असते.

मित्रांचा ‘कोकमध्ये घालायची’ हा शेरा बहुधा जॅक डॅनियल्सवरून आला असावा. ती अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची. मका ८० टक्के, राय ८, बार्ली १२. पिंपात भरण्याआधी शुगर मेपलच्या कोळशाच्या दहा फूट थरातून थेंब थेंब गाळतात, त्यामुळे धान्याच्या कडा घासल्या जातात आणि पिकलेल्या केळ्याचा वास पुढे येतो. तो वास यीस्टमुळे तयार होणाऱ्या एका एस्टरचा, म्हणजे फळासारखा वास देणाऱ्या रसायनाचा. कोकमध्ये ती छान लागते. तशीही छान लागते.

माझी आवडही सांगतो, पण तिला शिफारस समजू नका. मला राय जास्त असलेली बर्बन आवडते. फोर रोझेस दोन धान्यमिश्रणं आणि पाच प्रकारची यीस्ट वापरून दहा निरनिराळ्या व्हिस्की गाळते. त्यातल्या ३५ टक्के राय असलेल्या मिश्रणावर माझा जीव आहे. पन्नास टक्क्यांच्या आसपासची, बर्फाशिवाय, चमचाभर पाणी घालून. गव्हाच्या बर्बनचं कौतुक वाटतं, पण घोट गिळल्यावर ती माझ्या तोंडात लवकर संपते. आयर्लंडची पॉट स्टिल (तांब्याच्या हंड्यात गाळलेली) व्हिस्की, रेडब्रेस्टसारखी, मला फार प्रिय. तिथे १७८५ मध्ये मोड आणलेल्या बार्लीवर कर बसला, म्हणून लोकांनी साधं बार्लीही वापरायला सुरुवात केली. त्या कच्च्या बार्लीने एक तेलकट, जवसासारखा भरीवपणा दिला आणि पुढे तीच त्यांची खूण झाली. आयलाचा पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाचा) धूर मात्र मला वर्षातून चार-पाच संध्याकाळीच हवासा वाटतो, बाहेर बर्फ पडत असताना, तिथलीच लागाव्हुलिन घेऊन. एरवी तो आयोडीनचा, दवाखान्यातल्या पट्टीचा वास मला बाकी सगळं विसरायला लावतो. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली स्कॉच लोकांना फार आवडते; मला दुसऱ्या ग्लासला मनुकांचा कंटाळा येतो.

आणि कोल्हापूरचे माझे मामा. त्यांना मी एकदा माझी लाडकी राय नेऊन दिली. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, ‘अरे, हे तर काढा आहे.’ मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं की त्यांचं वर्णन उत्तम होतं: मिरी, आलं, बडीशेप, लवंग, दुसरं काय असतं काढ्यात? मला काढा आवडतो, त्यांना आवडत नाही.

तुमची आवड ओळखायची पद्धत आता सांगतो. आम्ही कामावर करतो तीच, घरी जमेल अशी.

एका वेळी एकच गोष्ट बदला. मेकर्स मार्क आणि बुलेट शेजारी ठेवलीत तर धान्य बदललं, आणि दोन्ही ४५ टक्क्यांच्या असल्याने तीव्रता मध्ये येत नाही. (काही देशांत बुलेट ४० टक्क्यांचीही मिळते, लेबल पाहून घ्या.) हा पहिला दिवस. दुसऱ्या वेळी, चार-आठ दिवसांनी, मेकर्स मार्क आणि पॉल जॉन किंवा अमृत घ्या, म्हणजे नवं लाकूड विरुद्ध बहुतांशी जुनं लाकूड आणि मका विरुद्ध बार्ली. इथे दोन गोष्टी बदलतात, पण भारतात सहज मिळणाऱ्या बाटल्यांत याहून नेमकी जोडी सापडणं कठीण. तिसऱ्या वेळी एकच बाटली, तीन ग्लास: जशीच्या तशी, थोडं पाणी घालून, आणि निम्मं पाणी घालून. आम्ही हुंगताना सगळे नमुने २० टक्क्यांपर्यंत पातळ करतो, कारण दारूचा झणका कमी झाला की खालचे वास मोकळे होतात. पाणी घालणं म्हणजे कमीपणा, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

प्रत्येक ग्लासमध्ये १५ मिलिलिटर पुरे. तीनच्या वर ग्लास नकोत. चौथ्यानंतर नाक खोटं बोलू लागतं, माझंही. तोंड वर निमुळतं होणारा ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर छोटा वाइनचा चालेल. पसरट ग्लासात वास उडून जातो. ओतायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि ग्लासच्या तळाला खूण करायला सांगा. नाव दिसलं की माणूस नावाची चव घेतो. बावीस वर्षांनंतरही मला ते टाळता येत नाही, म्हणून आमच्याकडे नमुन्यांवर फक्त आकडे असतात.

वेळ जेवणाआधीची ठेवा. चखना म्हणून मसाला शेंगदाणे, कांदा आणि ठेचा समोर असेल तर राय आणि गहू यांतला फरक ब्रह्मदेवालाही कळायचा नाही. साधा पाव किंवा मुरमुरे, आणि पाणी. उदबत्ती, अत्तर दूर. हुंगताना ओठ किंचित उघडे ठेवा, नाक ग्लासमध्ये खुपसू नका. नाक थकलं की स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा; आपला वास नाकाला सवयीचा असल्याने ते ताजं होतं. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक: खोलीचं तापमान ३५ च्या पुढे असेल तर कुठलीही व्हिस्की नुसती झोंबते. बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ‘खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे.

मग लिहा. आवडलं की नाही हे शेवटी. आधी काय आठवलं ते. शेपू, चिक्की, ओला नारळ, भाजलेलं कणीस, बाभळीचा धूर, काहीही. दोन-तीन आठवड्यांनी ती टिपणं सलग वाचा. एकच शब्द आवडलेल्या ग्लासांत पुन्हा पुन्हा येतो, एकच शब्द नावडत्यांत. आणि तुमच्या मित्राला जो वास ठळक येतो तो तुम्हाला आलाच नाही, असंही होईल. एखादा विशिष्ट वास काही नाकांना जाणवतच नाही, ही शरीराची गोष्ट आहे.

किमतीबद्दल थोडंच. अमेरिकेहून येणाऱ्या बर्बनवर भारतात १५० टक्के सीमाशुल्क होतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते १०० टक्क्यांवर आलं. त्यावर राज्याचे कर वेगळे. त्यामुळे लक्ष्मी रोडवरच्या किंवा कोथरूडच्या दुकानात दिसणारा आकडा बऱ्याच अंशी करांचा आहे आणि त्यावरून पिंपात काय होतं ते कळत नाही. इथे जी बर्बन कामगार शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जातो, ती तिकडे काचेच्या कपाटात असते. तेवढ्याच पैशात मिळणारा गोव्याचा सिंगल माल्ट बरेचदा जास्त समाधान देईल.

तुमच्या मित्रांबद्दल: ते ज्या सिंगल माल्टची बाजू घेतात त्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्याबरोबर बसणं सोडू नका. फक्त पुढच्या बैठकीत बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून न्या.

आता वडील. पंच्याहत्तर वर्षांचे, रमचे. त्यांची जीभ मळीवर वाढलेली आहे: जळका गूळ, व्हॅनिला, थोडा मनुकांचा आंबटगोडपणा. त्यांना धूर देऊ नका, रायही देऊ नका. सहा वर्षं मी मळीच्या वासात काढली आहेत. त्या वासावरून बर्बनकडे येणारी वाट गव्हाच्या बाजूने सोपी जाते. तुमच्या घरातली मेकर्स मार्क त्यांच्यासाठी जवळजवळ नेमकी आहे. वेगळी हवी असेल तर वुडफर्ड रिझर्व्ह. तिच्यात १८ टक्के राय आहे, पण लाकूड भरपूर असल्याने ती टोचत नाही. ते रममध्ये गरम पाणी घालत असतील तर यातही घालू द्या. गरम पाण्यात बर्बनमधला लवंगेचा आणि व्हॅनिलाचा वास लगेच वर येतो. थंडीच्या दिवसांत आम्हीही घेतो. त्यांची कुठली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या. मग छोटा ग्लास भरा, बाटली कपाटात ठेवा, नाव सांगू नका, आणि पहिल्या घोटानंतर ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.